‘हृदयाला कर्करोग होतच नाही’ या दाव्याबाबत खुलासा

हृदयाच्या पेशी विभाजित होत नसल्यामुळे हृदयाला कर्करोग होऊच शकत नाही, असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातील कारण अंशतः खरे असले, तरी निष्कर्ष चुकीचा आहे. प्रौढ हृदयाच्या स्नायुपेशी फारच क्वचित विभाजित होतात. मात्र हृदयात रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या आणि संयोजी ऊतींच्या पेशीही असतात, आणि अँजिओसार्कोमासारखा दुर्मीळ पण आक्रमक कर्करोग, जो बहुधा उजव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात) आढळतो, अशाच पेशींपासून उद्भवतो. फुप्फुस, स्तन किंवा त्वचेचा मेलानोमा यांसारखे कर्करोग हृदयापर्यंत पसरण्याचे प्रमाण तर याहून कितीतरी अधिक आहे.

‘ईसीजी सामान्य म्हणजे गाठ नाही’ हे त्याच संदेशातील वाक्य अधिक घातक म्हणावे लागेल, कारण ईसीजी हृदयाची विद्युत क्रिया नोंदवतो, गाठ दाखवत नाही. धाप, छातीत दुखणे, हृदयाभोवती पाणी साचणे ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात, त्यामुळे निदान लांबते. साधारणतः प्रथम इकोकार्डिओग्राफी (ध्वनिलहरींद्वारे हृदयाची प्रतिमा घेणारी तपासणी) केली जाते. गाठ आहे की रक्ताची गुठळी, हे ठरवण्यास एमआरआय मदत करतो, आणि कर्करोगाचा नेमका प्रकार ऊतीच्या तपासणीनेच निश्चित होतो. हृदयात मुळातच उद्भवणाऱ्या बहुतांश गाठी मात्र कर्करोगाच्या नसतात.