फक्त दोन मिनिटं म्हणे

सुट्टीवरून येऊन तीन दिवस झालेत आणि डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून आज लिहून टाकते.

चार दिवस मागितले होते. फक्त चार. तेही दोन महिने आधी सांगून, रीतसर मंजूर करून घेऊन. निघायच्या आधीचा अख्खा आठवडा रात्री उशिरापर्यंत बसून पुढचं काम उपसलं, तीन पानांची हँडओव्हर फाइल केली, काय कुठे ठेवलंय, कोणाला काय विचारायचं, कुठला क्लायंट कधी उखडतो, सगळं लिहिलं. इतकं नीट की मी उद्या मेले तरी ऑफिस चाललं असतं. असं मला वाटलं होतं.

आणि मला समुद्रावर जाऊन काहीही करायचं नव्हतं हो, तेच तर हवं होतं. कुठल्या राइड नकोत, पॉइंट बघणं नको, सकाळी उठून पाय वाळूत खुपसून बसायचं आणि लाटा बघायच्या बास. एकच गोष्ट ठरवली होती, लेकीला ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत फिरवायचं, शिंपले, खेकडे, खडकांत साचलेलं पाणी असलं सगळं दाखवायचं. त्यासाठी मी भरती-ओहोटीच्या वेळा आधीच बघून ठेवल्या होत्या. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, ओहोटी रोज एकाच वेळेला नसते, चंद्र पुढे सरकत असतो त्यामुळे ती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. पोचलो त्या दिवशी ती सकाळी 8 ला होती म्हणजे हुकणारच होती, मग दुसऱ्या दिवशी 8:50, तिसऱ्या दिवशी 9:40 आणि चौथ्या दिवशी 10:30. आता ह्या वेळा नीट बघा. ओहोटी बरोब्बर माझ्या ऑफिसच्या टायमात सरकत चालली होती, मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

दुसरा दिवस, 8:55. आम्ही चपला काढून नुकतेच पाण्यात पाय टाकतोय आणि फोन. "अगं सुट्टीवर आहेस माहितीय, डिस्टर्ब करत नाही, फक्त दोन मिनिटं." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा वापरलं ना त्याच्या सगळ्या सुट्ट्या पावसात जावोत. माहितीय तर मग केलास कशाला बाबा? आणि काम काय, तर एक फाइल सापडत नव्हती. जिची लिंक हँडओव्हरच्या पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, ठळक अक्षरात होती. म्हटलं हँडओव्हर उघडलीस का, तर म्हणे "ती मोठी आहे गं, तुला विचारणं सोपं वाटलं." तीन पानं मोठी!! मी बिनपगारी सर्च इंजिन आहे का ह्यांचं?

तिसऱ्या दिवशी सरांचा मेसेज, मीटिंगला नुसती जॉइन हो, बोलू नकोस, फक्त ऐक. बरं, ऐकते. भर उन्हात स्क्रीनवर स्वतःचं तोंड सोडून काही दिसत नाही, बोटांना सनस्क्रीन लागलेलं त्यामुळे टच धड चालत नाही, कशीबशी जॉइन झाले तर पाचव्या मिनिटाला "तुझं काय मत आहे?" मी अनम्यूट केलं तर सर म्हणतात कसला आवाज येतोय, जरा शांत जागी जा ना. समुद्र आहे तो सर! त्याला कुठून म्यूट करू? मी शांत जागीच आले होते, तुम्हीच माझ्या मागून आलात.

आणि खरा संताप ह्याच्या पुढचा आहे. मी फोन कानाला लावून वाऱ्याकडे पाठ करून उभी, का तर त्यांना आवाज नीट जावा, नवरा टॉवेल आणायला वर गेलेला, मला सांगून गेला होता लक्ष ठेव म्हणून आणि मी मान पण हलवली होती म्हणे. वळून बघितलं तर पोरगी कमरेएवढ्या पाण्यात. काही झालं नाही, हाक मारली तर हसत परत आली, पण माझे पाय पाच मिनिटं थरथरत होते. बुडणारं माणूस सिनेमात दाखवतात तसं हात हलवत ओरडत नाही, बहुतेक वेळा आवाजच येत नाही, आणि मी तेव्हा काय ऐकत होते तर रिपोर्टमधला तिसरा कॉलम डावीकडे घ्यायचा की उजवीकडे. नवरा त्यावर एक शब्द बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी मी फोन खोलीत ठेवला. जाऊ दे म्हटलं. तर ह्यांनी नवऱ्याला फोन लावला! त्याचा नंबर ऑफिसात इमर्जन्सीसाठी दिलेला असतो, मला काही झालं तर घरच्यांना कळवायला, उलटा नाही! 10:30 ची ओहोटी मी खोलीत लॅपटॉपवर (हो, नेला होता, शिव्या घाला) घालवली आणि लेक बापाबरोबर जाऊन शिंपल्यांनी बादली भरून आली.

फ्रान्समध्ये 2017 पासून, ऑस्ट्रेलियात 2024 पासून कामाची वेळ संपली की ऑफिसपासून तुटून राहायचा हक्क कायद्यात आहे. हे मी ऑफिसात बोलले तर एकजण म्हणाला मग जा तिकडे. अरे जाते की, पण तिथेही तूच फोन करशील.

आणि माझी पण चूक आहे, माहितीय. पहिला फोन उचलला तिथेच संपलं होतं सगळं. एकदा उचलला की त्यांना कळतं ही उचलते. आणि ते दोन मिनिटांचं बोलणं संपलं तरी डोकं तासभर तिथेच घुटमळतं, समोर समुद्र आहे आणि तुम्ही मनात मेल ड्राफ्ट करताय, म्हणजे सुट्टी गेलीच ना वाया.

परत आल्यावर पहिलं स्वागत काय, तर "मजा आहे बाबा तुझी, चार दिवस बीचवर!"

काल मेल टाकलाय, चारातले निदान दोन दिवस माझ्या रजेच्या खात्यात परत जमा करा, कॉलच्या तारखा-वेळा सगळ्या जोडल्यात. उत्तर आलं की ज्यांची मंजुरी लागते ते साहेब पुढच्या सोमवारपर्यंत सुट्टीवर आहेत, आल्यावर बघतील. म्हटलं त्यांना दोन मिनिटं फोन करून विचारा ना. तर म्हणे असं कसं, ते फॅमिलीबरोबर आहेत.