विम्यातला तिऱ्हाईत

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चांगलीच जुंपली. कराडला दादाच्या शेजाऱ्याची मोटारसायकल पोलिसांनी अडवली. विम्याची मुदत संपलेली होती, २००० रुपये दंड झाला. दादाचं म्हणणं, ही शुद्ध लूट आहे. विमा म्हणजे पोलिसांना दाखवायचा कागद, वीस वर्षांत एकदाही कामाला आला नाही. पुतणीने दुसरं टोक धरलं : "अमेरिकेत विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. आत्याला विचारा." मग सगळे माझ्या उत्तराची वाट बघत बसले. मी चार ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या. हे चार ओळींत मावणारं नव्हतं.

मी २०१० पासून न्यू जर्सीत, एडिसनला राहते. इथे गाडीच्या विम्याचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा. न्यू हॅम्पशरमध्ये बहुतेकांना विमा सक्तीचाच नाही. फ्लोरिडात स्वतःच्या उपचारांचा आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा, प्रत्येकी १०,००० डॉलरचा विमा लागतो. पण आपल्या गाडीखाली कुणी सापडलं तर त्याच्या इजेचा विमा तिथे बहुतेकांवर बंधनकारक नाही. कॅलिफोर्नियात १९६७ मध्ये ठरलेली किमान रक्कम वाढायला २०२५ चा जानेवारी उजाडला. तेव्हा पुतणीला माझं पहिलं सांगणं हे, की विम्याच्या बाबतीत "अमेरिकेत असं असतं" म्हणण्यात अर्थ नाही. कुठल्या राज्यात, ते आधी विचारायचं.

दुसरं सांगणं आमच्याच अनुभवाचं. इथे येऊन वर्ष झालं नव्हतं, जुनी कोरोला घेतली होती. एका एजंटने सगळ्यात स्वस्त पॉलिसी काढून दिली. न्यू जर्सीत तिला 'बेसिक' म्हणतात. कायद्याने चालते, हे त्याने तीनदा सांगितलं. तिच्यात काय नाही, ते सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बेसिक पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचे फक्त ५००० डॉलर असतात. दुसऱ्या माणसाला इजा झाली तर मुळात काहीच नसतं. वेगळे पैसे भरून मागितलं तर १०,००० डॉलर. फेब्रुवारीत रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता, ब्रेक दाबूनही गाडी घसरत गेली आणि उभ्या पिकअप ट्रकवर आदळली. तो ट्रक ढकलला जाऊन पुढच्या नव्या गाडीवर. दोन्हींचं मिळून नुकसान ११,३०० डॉलर. कंपनीने ५००० दिले. उरलेले ६३०० आम्ही दोन वर्षं हप्त्याने फेडले. त्या काळात माझी नोकरी नव्हती, आणि दर महिन्याला तो चेक लिहिताना नवऱ्याचा हात कसा जड व्हायचा ते मी शेजारी बसून पाहिलं आहे. पण आजही रात्री आठवतं ते वेगळंच. त्या पिकअपमध्ये कुणी बसलेलं नव्हतं. बसलेलं असतं तर त्या माणसासाठी आमच्या पॉलिसीत एक डॉलरही नव्हता.

म्हणून यंदा भाचा रटगर्स विद्यापीठात एमएस करायला आला, जुनी सिव्हिक घेतो म्हणाला, तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मावशी, हा सगळ्यात स्वस्त. स्टेट मिनिमम. कायद्याने पुरे ना?"

पडद्यावर ३५/७०/२५ असे तीन आकडे होते. मी ते त्याला वहीत मांडून दाखवले. तुझ्या चुकीने एका माणसाला इजा झाली तर कंपनी जास्तीत जास्त ३५,००० डॉलर देणार. कितीही माणसं जखमी झाली तरी सगळ्यांत मिळून ७०,०००. आणि गाड्या, कुंपण, दिव्याचा खांब, जे काही मोडेल त्याचे २५,०००. न्यू जर्सीत हे आकडे २०२२ पर्यंत १५/३०/५ होते, २०२३ पासून २५/५०/२५ झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून इथवर आले. वाढले हे चांगलंच झालं. पण इथल्या इस्पितळात मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालं, आठ दिवस राहावं लागलं, पुढे तीन महिने पगार बुडाला, तर ३५,००० कुठल्या कुठे जातात. वरचे पैसे तुझ्याकडून मागायला समोरचा कोर्टात जाऊ शकतो. मग १००/३००/१०० चा दर काढून पाहिला. सहा महिन्यांना १४० डॉलरचा फरक पडत होता. तो गप्प झाला.

परवडण्याचा प्रश्न खरा आहे. विद्यार्थ्याला १४० डॉलर फार असतात, मी ते हसण्यावारी नेत नाही. पण पैसे वाचवायचे तर ते गाडीच्या पत्र्यातून वाचवावेत, दुसऱ्याच्या अंगावरच्या जखमेतून नव्हे. १२ वर्षं जुन्या सिव्हिकला 'कोलिजन', म्हणजे धडकेत स्वतःच्या गाडीला झालेल्या नुकसानीचा भाग, हवाच कशाला? गाडीच्या किमतीपेक्षा त्या भागाचा हप्ता जड होत असेल तर तो काढून टाकावा. ठेवायचा असेल तर स्वतः भरायची रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, वाढवावी. न्यू जर्सीत मान्यताप्राप्त डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला की तीन वर्षं सूट मिळते, आणि ती कंपनीला कायद्याने द्यावीच लागते. चांगल्या मार्कांची, कमी मैलांची, एकरकमी भरण्याची सूट बऱ्याच कंपन्या देतात, पण विचारल्याशिवाय क्वचितच सांगतात. भारतातल्या ड्रायव्हिंगचा अनुभव धरता का, हेही प्रत्येक कंपनीला विचारावं, काही धरतात. नव्याने आलेल्यांना इथे क्रेडिटचा, म्हणजे कर्ज वेळेवर फेडल्याच्या नोंदींचा, इतिहास नसतो आणि न्यू जर्सीत हप्ता ठरवताना तो बघितला जातो, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. कॅलिफोर्नियात १९८८ च्या मतदानाने आलेल्या कायद्यामुळे आधी तुमचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड, मग वर्षाचे मैल, मग अनुभवाची वर्षं, या क्रमाने हप्ता ठरतो, क्रेडिट बघायला मनाई आहे. तसं इथेही व्हायला हवं. तोवर सहा महिन्यांनी, वर्षाने, चार ठिकाणी दर काढून बघणं हाच उपाय.

एका बचतीबद्दल मात्र मी त्याला थांबवलं. न्यू जर्सीत अपघातानंतरचे स्वतःचे उपचार, चूक कुणाचीही असो, आपल्याच गाडीच्या विम्यातून होतात. त्याला पीआयपी म्हणतात. 'माझा आरोग्य विमा आधी पैसे देईल' अशी खूण केली की हप्ता उतरतो. पण विद्यार्थ्यांच्या आणि नोकरीतल्या काही आरोग्य विम्यांत गाडीचा अपघात वगळलेला असतो. गाडीच्या अपघाताच्या उपचारांचे पैसे आम्ही देतो, असं त्या आरोग्य विमा कंपनीकडून लेखी आल्याशिवाय ही खूण करू नये. तशीच खूण कोर्टात दावा लावण्याच्या हक्काची. स्वस्तातला पर्याय घेतला की कायमची इजा, मृत्यू, जागचं हललेलं हाड अशा मोजक्या गोष्टी सोडल्या तर वेदनेची भरपाई मागता येत नाही. बहुतेक लोक हा पर्याय घेतात, मीही घेतला आहे, पण समजून घेतला आहे.

आणि विमा नसताना गाडी चालवणं? इथे दंड ३०० ते १००० डॉलर आहे, लायसन्स जाऊ शकतं. त्याहून जबर गोष्ट वेगळी : आपल्या गाडीचा विमा नसेल, तर चूक समोरच्याची असली तरी त्याच्याकडून भरपाई मागायचा हक्कच आपण घालवतो. अगदीच हातातोंडाशी गाठ असलेल्यांसाठी, मेडिकेडवर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर असलेल्यांसाठी, राज्याने वर्षाला ३६५ डॉलरची 'डॉलर अ डे' पॉलिसी ठेवली आहे. पण तिच्यात चालवणाऱ्याचे तातडीचे उपचार येतात, रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला तिच्यातून काही मिळत नाही.

तिऱ्हाईत हा शब्द इथे मुद्दाम वापरते, कारण दादाच्या बोलण्यात नेमका तोच नाही. दादा म्हणतो, वीस वर्षांत विमा मला उपयोगी पडला नाही. अरे, थर्ड पार्टी म्हणजे तिऱ्हाइताचा विमा, तो तुझ्यासाठी नाहीच!

आणि आपला कायदा याबाबतीत इथल्यापेक्षा माणुसकीचा आहे, हे मला इथे राहून कळलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी सक्तीची ठेवली आणि मृत्यू किंवा इजा झाली तर विमा कंपनीने द्यायच्या रकमेला वरची मर्यादा ठेवली नाही. कोर्ट त्या माणसाचं वय आणि कमाई बघून रक्कम ठरवतं, ती कंपनीने द्यायची. २०१६ च्या दुरुस्ती विधेयकात मृत्यूसाठी १० लाखांची मर्यादा घालायचं चाललं होतं. संसदेच्या समितीने ती काढा म्हणून सांगितलं आणि ती निघाली. ती राहिली असती तर आपल्याकडेही 'स्टेट मिनिमम' आलं असतं. आणि या अमर्याद जबाबदारीचा हप्ता किती? २०२२ साली ठरलेल्या दराने, ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाचे ७१४ रुपये, १००० सीसीच्या आतल्या गाडीला २०९४.

तरीही आपल्या रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या विम्याशिवाय धावतात. त्याचा अर्थ आमच्या घराला चांगला माहीत आहे. दादा विसरला असेल असं मला वाटत नाही, तो त्याबद्दल बोलत नाही इतकंच.

२०१६ च्या पावसाळ्यात मामा उंब्रजजवळ सायकलवरून घरी येत होते. मागून मोटारसायकल आली. चौथ्या दिवशी मामा गेले. ४६ वर्षांचे होते. चालवणारा २२ वर्षांचा पोरगा, पळून गेला नाही, त्यानेच रिक्षा थांबवून मामांना दवाखान्यात नेलं. गाडीची थर्ड पार्टी आठ महिन्यांपूर्वी संपलेली. मामींनी क्लेम केस लावली. तीन वर्षांनी निकाल लागला, वर्षाच्या कमाईला मामांच्या वयाप्रमाणे १३ ने गुणून आणि बाकीचं धरून अकरा लाखांच्या घरात रक्कम झाली, आणि ती गाडीच्या मालकाने द्यायची होती. मालक म्हणजे तोच पोरगा. त्याच्याकडे दोन खोल्या होत्या आणि ती मोटारसायकल. निकालानंतर महिन्याभराने त्याची आई मामींकडे आली. सोप्यात बसली, पदराची गाठ सोडली आणि ३००० रुपये मामींच्या पुढ्यात ठेवले. मामींनी ते उचलून परत तिच्या हातात दिले आणि आत चहा टाकायला गेल्या. मी त्या वर्षी सुट्टीला आले होते, दारात उभी होते. त्या दोघींपैकी कुणाकडे बघावं हे मला समजत नव्हतं.

म्हणून दंडाच्या रकमेवरचं भांडण मला गौण वाटतं. २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची आणि नव्या मोटारीला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आलेली ही सुधारणा फार मोलाची आहे. पण पाच वर्षं संपली की गाडी जुनी, विम्याची आठवण नाही, आणि मामांसारखे लोक नेमके त्याच गाड्यांपुढे येतात. न्यू जर्सीत विमा बंद पडला की कंपनी मोटार वाहन खात्याला कळवते. आपल्याकडे 'वाहन' या सरकारी संगणकीय नोंदीत विम्याची तारीख असतेच, कुणीही एम-परिवहन ॲपवर बघू शकतं. ती तारीख उलटायच्या आधी मालकाच्या फोनवर निरोप जाणं आणि उलटल्यावर खात्याने पाठ न सोडणं, यासाठी नाक्यावर माणूस उभा करायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट न्यू जर्सीकडून घ्यावी. विमा नसलेल्या गाडीने उडवलेल्या आणि स्वतःचा विमा नसलेल्या पादचाऱ्यासाठी इथे एक निधी आहे, विमा कंपन्यांच्या पैशांतून चालतो. आपल्याकडे ठोकून पळालेली गाडी सापडली नाही तर आता मृत्यूसाठी २ लाख मिळतात. २०२५ पासून पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत उपचार रोख न भरता होतात, विमा नसलेल्या गाडीने ठोकलं तरीही. हे पाऊल फार चांगलं आहे. पण गाडी सापडली, चालवणारा सापडला, निकाल लागला आणि त्याच्या खिशात काहीच नाही, अशा घराच्या पुढच्या वर्षांचं काय? तो खड्डा अजून उघडा आहे. त्यावर ग्रुपवर भांडा, आमदारांना विचारा. मी भांडायला तयार आहे.

हे सगळं मी दादाला शेवटी फोनवरच सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग "बघतो" म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने गाडीच्या पॉलिसीचा फोटो पाठवला, नवी, कालचीच तारीख. पुतणी रोज कॉलेजला नेते त्या ॲक्टिव्हाचा फोटो अजून आलेला नाही. ती गाडी सात वर्षांची झाली आहे. आज रात्री परत फोन करते.