नाव बदलून मिळेल

परवा घरी लग्नाची यादी करायला सगळे जमले होते. मावसकाकांनी भर पंगतीत विचारलं, "काय रे, तुझा तो गेम बंद झाला ना आता? कायदा आलाय म्हणे." त्यांना २०२५ चा कायदा म्हणायचा होता, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवरचा. काकांना कसं सांगू की हजारो लोक एकाच जगात मिळून खेळतात त्या आमच्या ऑनलाइन गेममध्ये पैसे लावत नाहीत, झोप लावतात! नववीत होतो तेव्हापासून लावतोय. आता कानशिलं पांढरी झाली. तेव्हा आज मनातलं सगळं लिहून टाकतो, लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. खाली येऊन मला नूब, म्हणजे कच्चा लिंबू म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. सवय आहे.

सुरुवात त्यांच्यापासून, जे उठता-बसता म्हणतात की जुने गेम काय मस्त होते. अजिबात नव्हते. मी रूनस्केपवर वाढलोय. २००१ मध्ये इंग्लंडातल्या भावांनी काढलेला, ब्राउझरमध्ये चालणारा गेम, म्हणून आमच्या इंदूरच्या सायबर कॅफेतल्या मरतुकड्या मशीनवरही उघडायचा. आणि त्यात मी काय करायचो? गेममधल्या पोर्ट सरीम बंदराच्या धक्क्यावर ३० नाणी द्यायची, बोटीने कॅराम्जा बेटावर जायचं आणि लॉबस्टर पकडत उभं राहायचं. तासन्‌तास. घरी मासे शिजत नाहीत, आणि मुलगा तासाला वीस रुपये मोजून लॉबस्टर पकडतोय. याला कोणी सुवर्णकाळ म्हणत असेल तर त्याने तो काळ जगलेला नाही.

बारावीच्या ऐन वर्षात बाबांनी पकडलं. ओरडतील वाटलं होतं, पण बँकेतला माणूस, आकडे दिसल्यावर राहवेना. स्क्रीनवर लेव्हल ९२ दिसत होतं. "९९ ला संपतं ना? मग झालंच की तुझं." मी म्हणालो, नाही बाबा, ९९ ला १,३०,३४,४३१ पॉइंट लागतात आणि ९२ वर जेमतेम निम्मे होतात. बाबांनी चष्मा काढला, पुसला. "सात पायऱ्यांत दुप्पट? ७२ भागिले ७, म्हणजे पायरीला दहा टक्के आणि वर थोडं. हे तर चक्रवाढ व्याज झालं." मग जरा थांबून, "मुद्दल कुणाचं?" मी म्हणालो, माझा वेळ. "आणि व्याज कोण खातंय?"

गेम डिझाइनवर इतकं नेमकं मी नंतर कुठेच वाचलं नाही. असो.

मग जुन्यात चांगलं होतं तरी काय? त्यासाठी माझ्या चिलखताची गोष्ट सांगावी लागेल. लॉबस्टर विकून विकून मी रून धातूचं पूर्ण चिलखत घेतलं होतं. वरचा भाग अंगावर चढवायला आधी ड्रॅगन मारावा लागतो, तोही मारला होता. एके दिवशी एक जण म्हणाला, दे इकडे, फुकटात सोनेरी किनार लावून देतो. मी दिलं. (जाणकार आत्ता हसत असतील. अशी किनार कुठल्याही खेळाडूला लावताच येत नाही, किनारवाली चिलखतं फक्त खजिन्याच्या शोधात सापडायची.) तो गायब. मी कॅफेत जोरात बोंबललो, आणि कोपऱ्यातल्या मशीनवरून हसायचा आवाज आला. आमच्याच गल्लीतला. मी "ओ भिया!" म्हणत अंगावर धावलो, कॅफेवाल्याने दोघांनाही बाहेर काढलं.

पण त्याची आई आणि माझी आई एकाच भजनी मंडळात. संध्याकाळी त्या काकू मुलाला कानाला धरून दारात हजर. "ह्याचं काहीतरी लोखंडी सामान घेतलंयस म्हणे, दे आधी परत!" दुसऱ्या दिवशी दुपारी गेममधल्या व्हॅरॉक शहराच्या चौकात चिलखत परत मिळालं. वर त्याने दोनशे लॉबस्टर दिले.

माझं सगळं म्हणणं या गोष्टीत आहे. इंदुरात आम्हा मराठी लोकांचं चालतं तसंच त्या गेम्सचं चालायचं. राजेंद्रनगरात एखाद्याने उधारी बुडवली तर रामबागेतल्या आत्याला चहाच्या आधी कळतं. तिथे अब्रू हीच सिस्टिम होती. कोडमध्ये लिहिलेली नव्हती, पण सगळा गेम तिच्यावर उभा होता.

पुढे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टवर गेलो. वॉव २००४ चा, मी उशिराने आलो, परदेशातला आतेभाऊ साठ दिवस खेळायचं टाइम कार्ड पाठवेल त्यावर अवलंबून. एका युरोपच्या सर्व्हरवरचं गिल्ड, म्हणजे खेळाडूंचं मंडळ, मिळालं. त्यांची रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्या राक्षसांवर करायची स्वारी, रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात साडेबाराला. मी हीलर. हजारो किलोमीटर लांबच्या सर्व्हरवर हीलर म्हणजे काय ते सांगतो: माणसाला लागायच्या आधी मलमपट्टी सुरू करायची, कारण तो मार खातोय हे मला कळेपर्यंत पाव सेकंद गेलेला असतो. त्यात लाइट गेली की पंचवीस जण मेले आणि शिव्या मला. आई एकदा अडीच वाजता पाणी प्यायला उठली आणि दारातून म्हणाली, "इतक्या रात्री कुणाशी भांडतोयस रे?" मी म्हणालो, भांडत नाहीये, वाचवतोय. तिने दार लोटून घेतलं.

त्या सर्व्हरवर निंजाची काय अवस्था व्हायची ते आजच्या पोरांना सांगून पटत नाही. निंजा म्हणजे दुसऱ्याच्या हक्काची लूट उचलून पळणारा. एकदा केलंस की तुझं नाव संध्याकाळपर्यंत सगळ्या गिल्डांत. मग टँक (पुढे उभा राहून सगळ्यांचा मार खाणारा) मिळणार नाही, हीलर मिळणार नाही, शहराच्या चौकात उभा राहा ओरडत. उलट एखादा नवख्याला न चिडता रस्ता दाखवायचा, त्याच्या नावाला वजन यायचं. मला पहिली रेड मिळाली ती अंगावरच्या भारी चिलखतामुळे नाही, एका जर्मन बाईने "हा पोरगा अर्ध्यावर सोडून जात नाही" एवढं सांगितलं म्हणून.

हे मोडलं कसं? एका दिवसात मोडलं नाही. आधी २००६ मध्ये पैसे भरून सर्व्हर बदलायची सोय आली. पुढच्या वर्षी पैसे भरून नाव बदलायची. मग डिसेंबर २००९ मध्ये डंजन फाइंडर. डंजन म्हणजे पाच जणांनी मिळून मारायची राक्षसांची गुहा. बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण आपोआप एका खोलीत. चौकात ओरडणं नाही, गुहेच्या दाराशी जमायच्या दगडापर्यंत चालत जाणं नाही, "नमस्कार" नाही. वीस मिनिटांत काम संपलं, पाचही जण हवेत विरले. कुणी तलवार ढापली तर ढापली, तो दुसऱ्या सर्व्हरचा, त्याची आई तुमच्या भजनी मंडळात नाही. मी त्या यंत्रातून शेकडो डंजन केले असतील. एकाही माणसाचं नाव आठवत नाही.

आता सगळे कंपनीला शिव्या देतील. थांबा. २०१९ मध्ये वॉवच्या कंपनीने, ब्लिझर्डने, क्लासिक काढलं, जवळपास तोच जुना गेम, तीच ६० लेव्हल, तीच चाळीस जणांची मोल्टन कोर नावाची रेड. चाळीस जणांची रेड म्हणजे आमच्याकडची रंगपंचमीची गेर, रंग उडवत निघणारी मिरवणूक समजा, कोण कुणाला ढकलतंय पत्ता नसतो. पहिल्यांदा तिथला शेवटचा राक्षस रॅग्नारॉस पडायला जगाला २००५ चा एप्रिल उजाडला होता, म्हणजे गेम आल्यापासून पाच महिने. क्लासिकमध्ये तो एका आठवड्याच्या आत पडला. राक्षस तोच. आम्ही मात्र चौदा वर्षांची उत्तरपत्रिका खिशात घालून परीक्षेला बसलो होतो. कुठला कपडा, कुठला मंत्र, कुठल्या मिनिटाला, सगळं पाठ. आणि ज्याला पाठ नाही त्याला गिल्डातून नारळ.

याहून वाईट पुढे. २०२२ मध्ये त्याच मालिकेतला पुढचा भाग क्लासिक म्हणून आला तेव्हा कंपनीने ठरवून डंजन फाइंडर ठेवला नाही. लोकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून. आम्ही काय केलं? वर्षभर गळा काढला. २०२३ मध्ये आणावाच लागला. गळा काढणाऱ्यांत मीही होतो. नोकरी, लहान मुलगी, रात्रीचा एक तास, त्यात चाळीस मिनिटं टँक शोधण्यात कोण घालवणार? तेव्हा मोहल्ला आम्हीच विकला आणि आता त्याच्या आठवणीने पोस्टी लिहितोय. हीसुद्धा त्यातलीच.

इथपर्यंत माझं म्हणणं ठणठणीत होतं. मग माझ्या वडोदऱ्याच्या मावसबहिणीने त्याला भोक पाडलं. तिला वॉवमध्ये मीच आणलं. दाढीवाला ड्वार्फ, म्हणजे बुटका पुरुष होऊन खेळायची, माझ्यापेक्षा कितीतरी सरस. तिचा माइक तीन वर्षं बिघडलेला होता, सगळं टाइप करून सांगायची. एका दिवाळीला मी इथून चांगला हेडसेट घेऊन गेलो तिच्यासाठी. तिने बघितला आणि म्हणाली, "दादा, माझा माइक कधीच बिघडला नव्हता."

आमच्याआधी ती दुसऱ्या एका गिल्डात होती. तिथे एकदा बोलली. त्या रात्रीपासून रोज खासगी मेसेज, फोटो पाठव, कुठे राहतेस. लूट मिळाली की "मुलगी आहे म्हणून दिली". नाही म्हटल्यावर तिच्या नावाने काय काय पसरवलं. ज्या अब्रूच्या सिस्टिमचे मी वर गोडवे गायलेत ना, त्याच सिस्टिमने. शेवटी तिने पैसे भरून सर्व्हर बदलला, नाव बदललं आणि ड्वार्फ होऊन आमच्याकडे आली. जी सोय मी इतकी वर्षं शिव्याशाप देत आलो, तिच्याच जोरावर ती गेममध्ये टिकली.

मी यावर बरंच डोकं खाजवलंय. उत्तर नाही. त्या कॅफेतल्या पोराच्या आईने त्याचा कान धरला, कारण बळी मी होतो. मुलगी असती तर भजनी मंडळाने कुणाचा कान धरला असता, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही.

दुसरं भोक फायनल फँटसी १४ ने पाडलं. २०१० मध्ये तो इतका वाईट निघाला की कंपनीने जगच बुडवलं, गेममध्ये खरोखर चंद्र पाडून, आणि २०१३ मध्ये नव्याने बांधून आणला. तिथेही बटण दाबून अनोळखी लोकांत जायचं असतं, पण लोक बरे वागतात. माझ्या हिशेबाने हे व्हायला नको. खेळून बघितल्यावर गोम कळली. नव्या खेळाडूच्या नावाशेजारी छोटा हिरवा कोंब दिसतो, आणि गटातला कुणी एखाद्या डंजनमध्ये पहिल्यांदाच आला असेल तर सगळ्यांना जास्तीचं बक्षीस मिळतं. म्हणजे नवखा दिसला की जुने लोक खूश. बाबांच्या भाषेत, व्याज शिकवणाऱ्यालाही मिळतं. इतकी साधी गोष्ट बाकीच्यांना वर्षानुवर्षं का सुचू नये?

पैसे उकळण्यावर फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. डायब्लो ३ मध्ये २०१२ ला खऱ्या पैशांचा लिलावबाजार उघडला होता, २०१४ च्या मार्चमध्ये त्यांनीच तो बंद केला, कारण तलवार राक्षस मारून मिळण्याऐवजी बाजारात मिळायला लागल्यावर राक्षस मारायचे कशाला? आता तर गेन्शिनसारख्या गेममध्ये लॉटरीसारखी चिठ्ठी ओढून पात्रं मिळवायची, त्यात पंचतारांकित पात्र निघण्याची शक्यता ०.६ टक्के, आणि ९० वेळा ओढल्यावर हमखास. माझा भाचा म्हणतो, "मामा, पण नव्वदला गॅरंटी आहे ना!" अरे, गॅरंटी तुझी नाही, त्यांची आहे.

रूनस्केपने तर गेममधलं सोनं खऱ्या पैशांना विकणाऱ्यांना आवरायला २००८ च्या सुरुवातीला देवाणघेवाणच बांधून टाकली होती. मोठ्या फरकाचा व्यवहार करताच यायचा नाही. फसवणूक बंद झाली, आणि मित्राला भेट देणंही. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या चिलखत-चोराला वाढदिवसाला एक किनारवाली ढाल द्यायची होती, देता आली नाही. (हो, आम्ही मित्र झालो होतो. पोहे-जलेबीला अजून भेटतो.) २०११ मध्ये लोकांचं मत घेऊन बंधन उठवलं, तोवर तो खेळायचा थांबला होता.

नावाला किंमत असलेला एकच मोठा गेम मला आज दिसतो, ईव्ह ऑनलाइन. आइसलंडचा, अंतराळातल्या जहाजांचा. तिथे फसवणं नियमात बसतं, तरी एका दग्याची आठवण लोक दहा दहा वर्षं काढतात. २०१४ च्या जानेवारीत तिथे हजारो लोकांचं एकवीस तास युद्ध झालं आणि पंचाहत्तर महाकाय जहाजं जळाली, सुरुवात कशावरून, तर एका सूर्यमालेचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही. वीजबिलाच्या रांगेत वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. पण खरं सांगतो, मला तो गेम झेपला नाही. एक्सेल शीट बघायला ऑफिस आहे.

तर काका, गेम बंद झालेला नाही. बहीणही अजून खेळते. ड्वार्फच आहे, नाव तेच दुसरं. हेडसेट मात्र वापरते, गाणी ऐकायला.

बाकी, टँक हवा आहे. वॉव क्लासिक, युरोपचा सर्व्हर, बुधवार आणि रविवार, रात्री साडेबारा. मार्चअखेरीपासून साडेअकरा, तिकडची घड्याळं पुढे सरकतात. इन्व्हर्टर असेल तर उत्तम. माइक बिघडलेला असेल तरी चालेल, कुणी विचारणार नाही.