दोन गोळ्या कापून द्या

‘दोन अझिथ्रो द्या, पाचशे एमजीच्या. कालपासून नाक गळतंय.’ आज संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरवर एक गृहस्थ. अझिथ्रो म्हणजे अझिथ्रोमायसिन, अँटिबायोटिक. चिठ्ठी नाही, ताप नाही. दुकानातल्या पोराने तीनच्या पट्टीतून कात्रीने दोन कापून पुडीत घातल्या. पट्टीवरची लाल रेघ उरलेल्या गोळीबरोबर ड्रॉवरमध्ये गेली. चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून 2016 पासून त्या रेघेचा प्रचार चाललाय. ऐकतंय कोण!

अहो, सर्दी व्हायरसची. अझिथ्रो बॅक्टेरियाच्या रायबोझोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला धरतं, व्हायरसकडे रायबोझोमच नाही! मग गोळी झोडपते कुणाला? पोटातल्या निरपराध बॅक्टेरियांना. वर हे औषध अंगातून निम्मं व्हायलाच जवळपास तीन दिवस घेतं. दोन गोळ्या खाऊन थांबलात तरी ते कितीतरी दिवस रेंगाळतं. बॅक्टेरियाला मारायला अपुरं, औषधाला दाद न द्यायला शिकवायला भरपूर.

‘शेंबूड हिरवा झालाय पण!’ होणारच. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एन्झाइमचा. सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असते, नेमकी तेव्हाच गोळी पोटात जाते. पुढे सर्दी आपल्या वेळेने उतरते आणि नाव गोळीचं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

रोजंदारीवाल्याला खाडा परवडत नाही, दवाखान्यात दोन तास बसणं जमत नाही. मान्य. म्हणून काहीही गिळायचं?

पाव लिटर पाणी उकळून गार करा, अर्धा छोटा चमचा मीठ घाला, त्याने नाक धुवा. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे ड्रॉप्स पाच दिवसांच्या वर नकोत, नाक उलट जास्त चोंदतं. रात्रीच्या खोकल्याला चमचाभर मध, पण वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, त्यावर तापाची वेगळी घेतली की डोस डबल. पट्टीमागे वाचा म्हणावं, तर त्या कापलेल्या तुकड्यावर नाव अर्धं आणि एक्सपायरी गायब.

ताप तीन दिवसांच्या पुढे गेला, बरं वाटून पुन्हा चढला, धाप लागली, तर मात्र घरी बसू नका. एक ते पाच वर्षांचं मूल असेल तर शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. चाळीस किंवा जास्त भरले तर लगेच डॉक्टर. अँटिबायोटिक लागायचंच असेल तर ते तिथे ठरेल, किती दिवस तेही.

त्या गृहस्थांवर राग नाही हो. ‘कोणी लिहून दिलंय?’ एवढंसुद्धा त्यांना कोणी विचारलं नाही. ड्रॉवरमधली ती तिसरी गोळी उद्या कोणीतरी नेईल, घसा खवखवतोय म्हणून. लाल रेघेसकट.