संग्रहालयाच्या पाटीवरचा ‘कायमस्वरूपी’ हा शब्द पुसा

स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयातला हाताने रंगवलेला एखादा जुना नकाशा फ्रेममधून बाहेर काढून बघा. माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकलेली काठाची बारीक पट्टी अजून गडद निळी असते आणि तिला लागून, काचेतून सगळ्यांना दिसणारा भाग राखाडी पडलेला असतो. नदी कुठे वाहते ते आता फक्त रेषेवरून कळतं. त्या नकाशाला ना पाणी लागलं, ना वाळवी. तो फक्त भिंतीवर होता. माझ्या मते लहान संग्रहालयांतलं सगळ्यात मोठं नुकसान असंच, कुणाच्या लक्षात न येता होतं. याचं मूळ ‘कायमस्वरूपी मांडणी’ या कल्पनेत आहे.

प्रकाशाने होणारं नुकसान साचत जातं आणि उडालेला रंग परत येत नाही. वस्तू रात्री झाकून ठेवली म्हणून दिवसा झालेलं भरून निघत नाही. म्हणून हिशेब लक्स-तासांचा ठेवायचा: प्रकाश किती लक्स (लक्स हे वस्तूवर पडणारा प्रकाश मोजायचं एकक), गुणिले किती तास. जलरंग, नैसर्गिक रंगात रंगवलेलं कापड, रंगीत फोटो यांतल्या सगळ्यात नाजूक, रंग लवकर उडणाऱ्या वस्तूंसाठी प्रचलित मर्यादा ५० लक्स आणि वर्षाला १५,००० लक्स-तास अशी आहे. भागाकार करा. ३०० तास, म्हणजे रोज ८ तास दालन उघडं असेल तर जेमतेम ३७ दिवस. तीच वस्तू खिडकीजवळ ५०० लक्समध्ये असेल तर वर्षभराचा वाटा ३० तासांत, चौथ्याच दिवशी संपतो.

‘आम्ही एलईडी बसवलेत’ हे उत्तर पुरेसं नाही. एलईडीतून अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत हे खरं, पण रंग दिसणाऱ्या प्रकाशानेही उडतात. दिवा काचपेटीच्या आत असेल तर आणखी एक दुखणं: दिवा लागला की आतली हवा तापून कोरडी होते, बंद केला की पुन्हा दमट. कागद रोज आकसतो, रोज फुगतो आणि शेवटी लहरी धरतो. दिवा पेटीबाहेरच हवा.

मग करायचं काय? दालनाचा सांगाडा दगड, मातीची भांडी आणि धातू यांवर उभा करा. यांना प्रकाशाचं काही वाटत नाही (धातूला दमटपणाचं मात्र नक्की वाटतं). कागद आणि कापड पाळीपाळीने आणा. तीन वर्षांचा वाटा एकदम वापरायचा ठरवला तर सलग ११२ दिवस मिळतात, म्हणजे साधारण साडेतीन महिन्यांचं एक प्रदर्शन. त्यानंतर ती वस्तू तीन वर्षं पुरी होईपर्यंत अंधारात, आम्लमुक्त खोक्यात, आडवी. मधल्या काळात तिथे चांगली प्रतिकृती लावायला हरकत नाही, फक्त पाटीवर ‘प्रतिकृती’ असं ठळक लिहा. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांना मूळ कागदाजवळ फिरकू देऊ नका. टेपचा डिंक कागदात मुरतो, पिवळा डाग पडतो आणि तो निघता निघत नाही.

ही पाळीपाळीची मांडणी चालते ती नोंदवहीच्या जोरावर. २०२४.७.३ असा क्रमांक म्हणजे २०२४ सालच्या सातव्या देणगीतली तिसरी वस्तू. कागदावर तो मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलने लिहायचा; कापडाला सुती फितीवर लिहून दोन टाके घालायचे; चिनी मातीच्या किंवा धातूच्या वस्तूवर पॅरलॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक रेझिनचा पातळ थर, वाळल्यावर त्यावर शाईने आकडा, वर पुन्हा थर. स्टिकर नको, काही वर्षांत सुटून पडतो. आणि क्रमांक गेला की वस्तू अनाथ होते: कुणाची, कुठल्या घरातली, कशासाठी वापरली, सगळं जातं, उरतं ते नुसतं ‘जुनं भांडं’. स्थानिक संग्रहालयाला एवढीच तर श्रीमंती असते! वस्तू जागेवरून हलली की त्याच दिवशी वहीत तारीख, जागा आणि मोजलेले लक्स लिहा. साधा लक्समीटर पुरतो. मोबाइलमधलं ॲप अंदाजापुरतं ठीक.

या पाळीपाळीच्या मांडणीला खरा विरोध होतो तो देणगीदारांकडून. ‘आजोबांचं पत्र दिलं होतं, ते भिंतीवर का नाही?’ हा राग समजण्यासारखा आहे, म्हणूनच त्याची सोय वस्तू घेतानाच करायला हवी. देणगीपत्रात स्पष्ट लिहा की मालकी संग्रहालयाकडे येत आहे आणि वस्तू सतत मांडलेली राहील असं बंधन नाही. ‘सध्या ठेवा, नंतर बघू’ असल्या तोंडी बोलीवर काहीच घेऊ नका. आणि घरच्यांना तो नकाशा किंवा ते पत्र बघायचं असेल तर आधी कळवून, टेबलावर, मंद उजेडात दाखवा. काचेपलीकडून दिसतं त्यापेक्षा त्यांना तिथे जास्त दिसेल. मागच्या बाजूचा मजकूरसुद्धा.