आधी स्टिकर आणा

आयटीआयला इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं काढली, अप्रेंटिसशिपही उरकली, आणि आता गल्लीतल्या पंख्यांचे कंडेन्सर बदलत बसलात. बरोबर ना भाऊ? कंडेन्सर बदलून बंगला बांधलेला माणूस शिरपूरपासून मुक्ताईनगरपर्यंत मी तरी पाहिलेला नाही. तेव्हा माझं ऐका, टेस्ट अँड टॅगचं काम शिका. थ्रीपिन टॉप खोचून चालणारं आणि उचलून नेता येणारं जे जे सामान असतं, म्हणजे ड्रिल, ग्राइंडर, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड, कूलर, ते तपासायचं. पास झालं की वायरला टॅग लावायचा. टॅगवर तपासणाऱ्याचं नाव, तपासल्याची तारीख, पुढची तारीख. एवढंच काम.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे या कामाला मोठा मान आहे. एएस/एनझेडएस ३७६० नावाचं मानकच आहे त्याचं. गंमत म्हणजे तिथं हे काम करायला बहुतेक ठिकाणी लायसनवाला इलेक्ट्रिशियनच लागतो असं नाही. रीतसर शिकलेला जाणकार माणूस चालतो. आणि जाणकार म्हटल्यावर आपल्याकडे काय तोटा? बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर सकाळी सात वाजता पाच जण बसलेले असतात.

सर्वात आधी स्टिकर आणा. मीटर नंतर बघू. मीटर महाग असतो, जड असतो आणि खरं बोलतो. धंद्याच्या सुरुवातीला तिन्ही गोष्टी परवडत नाहीत. स्टिकरचा रोल मात्र नीट पारखून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पत्र्याच्या गोडाऊनमध्ये त्याहून जास्त. तिथं हलका गोंद दोन दिवसांत पाझरतो आणि टॅग गळून पडतो. टॅग पडला की लोक विचारतात, तपासलंय का? हा प्रश्न कुणाच्या मनात येऊच द्यायचा नाही, धंद्याचं सगळं मर्म यात आहे.

रंगांचा घोळ घालू नका. ऑस्ट्रेलियात बांधकामाच्या साइटवर दर तीन महिन्यांनी रंग बदलतात: डिसेंबर ते फेब्रुवारी लाल, मग हिरवा, मग निळा, सप्टेंबरपासून पिवळा. मुकादमाला लांबूनच कळतं की या ड्रिलची मुदत संपली. लांबून कळणं हे आपल्या पद्धतीत बसत नाही. तुम्ही बारमाही हिरवाच लावा. हिरव्याशी कुणी वाद घालत नाही. आणि तारीख साध्या बॉलपेननं लिहा. पंधरा दिवसांच्या उन्हात ती उडून जाते. मग टॅग कायमचा ताजा.

आता तपासणी. पहिली पायरी म्हणजे डोळ्यांनी बघणं. जाणते लोक सांगतात की निम्मं काम इथंच होतं: सोललेली वायर, तडकलेला टॉप, करपलेली पिन, ढिला स्क्रू हे सगळं मीटर न लावताच दिसतं. म्हणून तर ही पायरी धोक्याची. एकदा बघायची सवय लागली की मोडता येत नाही. मग तुम्ही पाहुणे म्हणून गेलेल्या घरीही शेवभाजी बाजूला ठेवून बोर्डाकडे बघत बसता.

मला ही सवय एका मंडपवाल्याच्या गोडाऊनमध्ये लागली. आखाजी जवळ आलेली, लग्नांची तिथ एका आठवड्यावर. त्याला एका कारखान्याच्या कार्यक्रमाची ऑर्डर मिळाली होती, पण गेटवरच्या सेफ्टीवाल्यानं अट घातली की विजेच्या प्रत्येक नगाला टॅग पाहिजे. मी नुकताच एका साइटवरून काम शिकून आलेलो. साठ एक्स्टेन्शन बोर्ड, वीस हॅलोजन, आठ जंबो कूलर. नगाला पंधरा रुपये.

पहिलाच बोर्ड उचलला. त्याच्या वायरला टॉपच नव्हता. दोन उघडी टोकं, दातांनी सोललेली (दातांचे ठसे रबरावर स्पष्ट), आणि एका टोकाबरोबर काडेपेटीची काडी गुंडाळलेली. काडीचं लाल गूल अजून शाबूत होतं. सॉकेटमध्ये वायर खोचायची, वर काडी ठोकायची, पकड घट्ट. हल्ली नव्या सॉकेटला आतून पडदे असतात, वरच्या भोकात अर्थची पिन गेल्याशिवाय खालची दोन उघडत नाहीत. त्यासाठी त्याच बोर्डाला सुतळीनं एक जुना स्क्रूड्रायव्हर बांधून ठेवलेला. वरच्या भोकात तो दाबायचा, पडदे उघडतात, वायर आत. पडदा बनवणाऱ्यानं लहान मुलांच्या बोटांचा विचार केला असेल, आमच्या मंडपवाल्याचा केला नव्हता.

मी मालकाकडे पाहिलं. तो पान लावत होता. म्हणाला, "काई होत नही रे भो."

हे वाक्य पाठ करा. खान्देशातलं विजेचं मानक या चार-पाच शब्दांत आहे, आणि ते मोफत मिळतं.

दुसरी पायरी अर्थ कंटिन्यूइटी. मीटरचं एक टोक अर्थच्या पिनेला, दुसरं वस्तूच्या उघड्या धातूला. एक ओहमच्या आत यायला हवं, म्हणजे वस्तूच्या अंगात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला रस्ता आहे हे कळतं. ही चाचणी आधी घ्यायची असते, मेगर म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर नंतर. तुम्ही मात्र ही सोडूनच द्या. कारण आपल्याकडे अर्थची पिन ही मोठी शंकास्पद गोष्ट आहे. तिन्हीत ती लांब असते, म्हणजे खोचताना सर्वात आधी ती टेकते आणि काढताना सर्वात शेवटी सुटते. जाड असते, म्हणजे चुकून फेजच्या भोकात जात नाही. एवढा विचार तिच्यात भरलाय, आणि आपण तिला हेक्सॉ ब्लेडनं कापतो, कारण घरातला बोर्ड टू-पिनचा आहे. जिथं पिन शाबूत दिसते तिथं टॉप उघडून पाहू नका. आत दोनच वायर असतात.

काही हुशार कारागीर टॉपच्या आत अर्थ आणि न्यूट्रल एका तुकड्यानं जोडून देतात, म्हणजे अर्थ "मिळतो". बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे निघाले, किंवा न्यूट्रल कुठं तुटला, की वस्तूचं सगळं अंगच फेज होतं. हा जोड जर सापडला तर कारागिराचं नाव विचारू नका. बहुतेक वेळा तो तुमचा आयटीआयचा वर्गमित्र निघतो.

तिसरी पायरी मेगर. ५०० व्होल्ट डीसी सोडायचे आणि वायर आणि अंग यांच्यातलं इन्सुलेशन मोजायचं; एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर नापास. इथं तुमची कला लागते. उत्तम आकडा काढायच्या तीन रीती सांगतो, अनुभवाच्या आहेत. वस्तूचा स्विच बंद ठेवून नुसत्या फेजवर मेगर मारा. करंट स्विचपाशीच थांबतो, आतल्या भिजलेल्या मोटरची त्याला खबरही लागत नाही. किंवा क्लिप रंगावर लावा, उघड्या पत्र्यावर नाही; रंगासारखं इन्सुलेशन नाही. आणि सर्वात झकास म्हणजे क्लिप अर्थच्या पिनेला लावा आणि आतला अर्थ तुटलेला असू द्या. असा सुंदर आकडा येतो की विचारू नका. मीटरची सगळी घरं भरून जातात. ज्याचा अर्थ तुटला त्याचंच इन्सुलेशन सर्वात भारी दिसतं, म्हणून तर बाहेरचे लोक दुसरी पायरी आधी घेतात. आपल्याला कसली घाई आहे सत्याची?

डबल इन्सुलेशनचं थोडक्यात सांगतो. काही ड्रिलवर, हेअर ड्रायरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते; त्यांना अर्थ लागत नाही, ते तसेच बनवलेले असतात. लोखंडी कूलरची पिन कापून त्याला दोन पिनांचा केला म्हणजे तो या जातीत येत नाही. हे गिऱ्हाइकाला समजावत बसू नका, वेळ जातो.

आणि कूलर. कूलरवर खरं तर वेगळा लेख हवा. लोखंडी पेटी, खाली पाण्याची टाकी, पाण्यात बुडालेला पंप, वर पंख्याची मोटर, चहूबाजूंनी थेंब उडवणारं गवत, खाली ओली फरशी, आणि हात लावायला पाणी भरणारी बाई, अनवाणी. कुणी मुद्दाम आखायला बसलं असतं तरी यापेक्षा नेटकी मांडणी जमली नसती. मार्चात माळ्यावरून उतरवायचा, गवत बदलायचं, झाडायचा, चालू करायचा. वायरीकडे बघायचं नाही. ती गेल्या वर्षी चालली होती. मंडपवाल्याच्या आठपैकी पाच कूलर हात लावताच झिणझिणले. मी हे सांगितल्यावर मालक कूलरच्या बाजूनं बोलला: "जरासा करंट मारस, पन हवा बेस देस."

हे "जरासा" समजून घ्या. माणसाला दहा-पंधरा मिलिअँपिअरवर मूठ उघडता येत नाही. म्हणून जुने वायरमन संशयाच्या पत्र्याला उलटा हात लावतात, झटका बसला तर हात आत न वळता मागं येतो. तुम्हीही गिऱ्हाइकासमोर हीच पद्धत ठेवा, मीटरपेक्षा रुबाबदार दिसते. फार शिकलेलं घर असेल तर तिथं आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारी डबी, बसवलेली असेल. तीस मिलिअँपिअर गळाले की ती पडते. पण कूलरची अर्थची पिन कापलेली असेल तर गळायला वाटच नसते, मग ती शांत बसून राहते आणि माणसानं हात लावला की तो माणूसच वाट होतो. डबीवरचं टेस्टचं बटण दाबून दाखवा, खटकन् पडते, घरचे खूश होतात. ते बटण फक्त डबीची तब्येत सांगतं, घराच्या अर्थिंगची नाही. हे सांगायचं नसतं.

अर्थिंगचा विषय निघालाच तर घराच्या मागं घेऊन जातील आणि एक पाइप दाखवतील. मीठ-कोळसा भरून पुरलेला, वीस वर्षांपूर्वीचा. आपली काळी माती मे महिन्यात इतकी फाटते की भेगेत चप्पल अडकते. अशा कोरड्या मातीत करंट उतरणार कुठं? म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी टाकायचं असतं. कूलरला दोन बादल्या घालणारं घर तिथं तांब्याभर पाणी घालत नाही. तुम्ही मान डोलवा आणि टॅग लावा.

मी त्या गोडाऊनमध्ये काय केलं हे विचाराल. पहिल्या दिवशी पंचवीस नग तपासले, त्यातले सतरा नापास केले. संध्याकाळी मालकानं हिशेब केला: पास नगांचे पैसे देणार, नापासाचे कशाचे? शिवाय बाहेरच्या मानकात भाड्यानं द्यायचं सामान प्रत्येक भाड्याआधी नजरेखालून घालायचं असतं, हेही मी सांगून बसलो होतो. तो म्हणाला, सीझनला रोज चार ठिकाणी सामान जातं, तू माझ्याकडेच राहायला येतोस का? दुसऱ्या दिवशी उरलेले सगळे पास झाले. दुपारच्या आत. पहिल्या दिवसाचे सतराही. रोल संपला तेव्हा मी मीटर बॅगेतून काढलाही नव्हता, आणि उरलेला एक टॅग घरी येऊन आमच्या कूलरला लावला. हिरवा, माझ्या सहीचा. घरात एक तरी काम फुकट करावं म्हणून.

तो टॅग तीन वर्षं कूलरवर आहे. आमची आई रोज संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरते. मी लहान असल्यापासून तिचं एकच वाक्य आहे, "चप्पल घाल रे, मंग हात लाव." दाराशी त्यासाठी रबरी चप्पल वेगळी ठेवलेली असते, बाहेर घालून जायची नाही. पाहुण्यांनाही तीच देतात.

गेल्या रविवारी पाऊसपाणी नव्हतं, काम नव्हतं, मीटर समोर पडला होता. पत्र्यावरचा रंग नाण्यानं खरवडला, क्लिप उघड्या लोखंडाला लावली, फेज-न्यूट्रल एकत्र धरले, स्विच चालू ठेवला आणि बटण दाबलं. शून्य पूर्णांक शून्य तीन. मेगओहम. हिशेब केला तर सात-आठ मिलिअँपिअर. तीसला पडणाऱ्या डबीला पत्ताही लागणार नाही, आणि चपलेतल्या पायाला नुसत्या झिणझिण्या. पंपाची वायर टाकीच्या कडेला घासून उघडी पडली होती, बोटाच्या पेराएवढी.

आई भांडं घेऊन मागं उभी होती. "पास शे ना?"

नाही म्हणालो. तिनं कूलरकडे पाहिलं, मग टॅगकडे.

"मंग हाई कोनी लायेल शे?"

तारीख उडालेली होती, सही मात्र राहिली होती. नखानं टॅग काढायला गेलो. वरचा हिरवा पापुद्रा निघाला, खालचा कागद निघाला, गोंद निघेना. रॉकेल लावून पाहिलं. गोंद चांगला निघाला भाऊ, हाच रोल घ्या.