फुकटचा सॉल्व्हर आणि कोपऱ्यातला स्ट्रेस

पार्टवर भार आला की तो किती ताणला जाईल, किती वाकेल हे काढणाऱ्या कॅल्क्युलिक्स या फुकटच्या सॉल्व्हरबद्दल (म्हणजे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल) मी लिहिलं होतं, त्यावरचा तुमचा ‘फुकट ते पौष्टिक’ हा टोमणा आवडला. पण तुमचा मुद्दा टोमण्यावर भागणारा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं म्हणणं असं, की एकच एल आकाराचा ब्रॅकेट ऑफिसातल्या पेड सॉफ्टवेअरमध्ये १८० एमपीए (मेगापास्कल, स्ट्रेसचं म्हणजे आतल्या ताणाचं एकक) दाखवतो आणि कॅल्क्युलिक्समध्ये २६०. तेव्हा कॅल्क्युलिक्सच्या भरवशावर पार्ट पास करणं म्हणजे जुगार.

आतल्या कोपऱ्याला फिलेट, म्हणजे गोलाई, दिलेलं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मेख तिथंच आहे. लिनिअर इलॅस्टिक गणितात (भाराच्या प्रमाणात ताण, भार काढला की पार्ट पूर्ववत, असं धरून केलेल्या) अशा धारदार कोपऱ्यातल्या स्ट्रेसला वरची मर्यादाच नसते. मेश, म्हणजे गणितासाठी पार्टचे केलेले छोटे तुकडे (एलिमेंट), बारीक करत जा, आकडा चढत जातो. म्हणजे १८० खरा नाही आणि २६०ही नाही, दोन्ही आकडे मेशच्या साइजचे आहेत. पेड सॉफ्टवेअरमध्ये त्याच कोपऱ्यात एलिमेंट निम्म्या मापाचे करून पाहा, तिथंही चढेल.

सॉल्व्हर तपासायला मी ब्रॅकेट घेतच नाही. १०० मिमी लांब, १० बाय १० मिमीचा स्टीलचा कॅन्टिलिव्हर (एका टोकाला पक्का धरलेला बीम) घ्या, टोकाला १०० न्यूटन. ‘ई’, म्हणजे स्टीलचा ताठपणा सांगणारा आकडा, २,१०,००० एमपीए धरला की टोकाचं डिफ्लेक्शन (वाकणं) येतं ०.१९ मिमी, कागदावर दोन मिनिटांचं काम. आता फ्रीकॅडमध्ये (हे डिझाइनचं फुकटचं सॉफ्टवेअर आतून कॅल्क्युलिक्स चालवतं) फर्स्ट ऑर्डर मेश लावा, म्हणजे फक्त कोपऱ्यांवर मिळून चार नोड (गणिताचे बिंदू) असलेले चार पृष्ठांचे टेट्राहेड्रॉन, जाडीत एकच थर. बीम नको इतका ताठ वागेल आणि डिफ्लेक्शन बरंच कमी दिसेल. सेकंड ऑर्डर केलं, म्हणजे कडांच्या मध्यावरही नोड देऊन दहा नोडचे, की ०.१९च्या जवळ. सॉल्व्हर दोन्ही वेळा तोच. (नवखी असताना अशाच एका ताठ उत्तरावर खूश होऊन मी पार्ट पातळ केला होता. सरांनी हातानं गणित मांडलं म्हणून वाचले.)

आणि फुकट म्हणजे हौशी, असंही नाही. कॅल्क्युलिक्स लिहिलं ते एमटीयू या विमानांची इंजिनं बनवणाऱ्या जर्मन कंपनीतल्या दोन इंजिनिअरांनी. कोड आस्टर हा दुसरा फुकटचा सॉल्व्हर तर फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीनं १९८९पासून स्वतःच्या कामासाठी घडवलं आणि २००१मध्ये खुलं केलं.

एका बाबतीत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘शीट मेटललाही (पातळ पत्र्याच्या पार्टलाही) काही अडचण नाही’ हे मी फार सहज लिहून गेले. पत्र्यासाठी वापरतात ते बिनजाडीच्या पृष्ठभागासारखे शेल एलिमेंट कॅल्क्युलिक्स आतल्या आत फुगवून सॉलिड करतं. दोन पत्रे कोनात भेटतात किंवा जाडी बदलते, तिथं ते नोड एकमेकांना रिजिड, म्हणजे अजिबात न वाकणारे, बांधून टाकतं, आणि नेमक्या त्या जोडावरचे स्ट्रेस जपूनच वाचावे लागतात. ते वाक्य आज बदलते. डेडलाइनच्या आदल्या रात्री कॉन्टॅक्टचं (एकमेकांना टेकणाऱ्या पार्टचं) गणित कन्व्हर्ज होईना, म्हणजे उत्तरावर स्थिरावेना, तर फोन करायला कुणी नसतं, हेही मान्य.

आता त्या कोपऱ्याला ३ मिमीचं फिलेट द्या, वळणावर निदान पाच-सहा सेकंड ऑर्डर एलिमेंट बसू द्या आणि दोन्हीकडचे आकडे इथं टाका. तरीही मोठा फरक राहिला, तर तुमची आयएनपी फाइल (कॅल्क्युलिक्सला दिलेल्या माहितीची) मागून घेईन.